आंघोळीनंतरची जात



गेल्या महिन्यात घरी एक पत्र आलं. आमच्या जुन्या कोळसा खाणीच्या वसाहतीतली पोरं एकत्र जमणार आहेत. पोरं कसली, सगळी साठी-सत्तरीची. स्मरणिका निघणार आहे. विषय : 'कॉलनीतले सोनेरी दिवस'. मलाही लेख मागितलाय. सातशे शब्द, एक फोटो. आणि खाली पेनानं वेगळी ओळ : 'जातीपातीचं काही नको. तेव्हा तसं काही नव्हतंच.'

नव्हतंच! ही ओळ लिहिणारा बंगल्यावर वाढला. त्याच्या संडासाची टोपली रोज सकाळी मागच्या दारानं जायची. पुढच्या व्हरांड्यात बसलेल्याला ती कशी दिसणार? ज्यानं उचलली त्याला विचारा तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं.

स्मरणिकेला लेख पाठवला नाही. तो इथं देतोय. आपल्या पानांना मार्जिन कमी असतं, शाई पसरते, पण इथं खाली पेनानं कुणी अट घालत नाही.

खाण चंद्रपूर जिल्ह्यातली, वर्धा नदीच्या कोळसापट्ट्यातली. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे मालक सुटतात. हा पट्टा जुना आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद झाली, त्याच सुमारास बल्लारपूरकडची उघडली. मग घुग्घुस, माजरी, राजूर. आमच्या माणसांनी खेडं सोडलं ते या भोंग्याच्या आवाजावर. कोतवालकी नको, बेगार नको, मेलेलं ढोर ओढणं नको. बाबासाहेबांनी खेड्याचं खरं रूप ओळखलं होतं. आमच्या आज्यानं ते पाठीवर ओळखलं होतं. तो म्हणायचा, "खानीत माती आंगावर पडते, पन पाटलाची थुकी तं पडत नाही."

तो खाणीत आला. आणि कंपनीनं त्याच्यासाठी काय बांधून ठेवलं होतं? खेडंच. फक्त विटांचं.

टेकडीवर बंगले. मॅनेजर, इंजिनियर, डॉक्टर. त्यांच्या खाली स्टाफ क्वार्टर. बाबू, मुन्शी, ओव्हरमन. त्याच्याही खाली, जिथं कोळशाचा धूर आणि पावसाचं पाणी दोन्ही येऊन साचायचं, तिथं कामगार लाइनी. एक नंबर लाइन, दोन नंबर लाइन, असे आकडे. आकड्याला जात नसते असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडं होती. एक नंबरात कुणबी-तेली, दोनात तेलंगणातून आलेले, तीनात बिलासपूरकडचे सतनामी, चारात गोंड, पाचात आम्ही. आणि नाल्यापलीकडं, ज्याला नंबरच नव्हता, ती मेहतरांची लाइन. भरती करणारा ठेकेदार आपल्या जातीची, आपल्या मुलखाची माणसं आणायचा, कंपनी त्यांना एकत्र कोंबायची. शाळेत मास्तर विचारायचे, "कोन्त्या लाइनीतला बे तू?" 'पाच नंबर' म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नव्हतं. माझं बसायचं ठिकाण ठरून जायचं.

पाणी बंगल्यात घरोघर. स्टाफला दोन घरांत एक नळ. आम्हाला चाळीस खोल्यांत एक. नाल्यापलीकडं नळ नाही, नाला होता.

मी जन्मलो दीक्षेनंतर तीन महिन्यांनी. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली तेव्हा माय मला पोटात घेऊन गर्दीत उभी होती. कंपनीनं त्या दिवसाची हजेरी कापली. पाच नंबरची अर्धी लाइन गैरहजर होती. ती कापलेली हजेरी आमच्या घरात अजून मानानं सांगितली जाते.

बाप लोडर. गैंतीनं पाडलेला, बारूदनं फोडलेला कोळसा फावड्यानं टबात भरायचा. टब भरला की मुन्शी बघणार. 'कमी भरला' म्हटलं की कापला. किती कमी, कोण मोजणार? मुन्शीचा डोळा हाच काटा. बाप छत वाचायचा. काठीनं वर ठोकायचं, कान लावायचा. टणटणीत आवाज आला तर छत पक्कं. ढब्ब आला तर आत फट आहे, हटा. वीस वर्षं त्यानं ठोकून माणसं वाचवली. पण सरदार व्हायला सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेटला परीक्षा, परीक्षेला अक्षर. अक्षर आमच्या बापाच्या बापाला कुणी दिलं नव्हतं. म्हणून सरदार दुसऱ्याच लाइनीतला, आणि त्याला छत वाचून दाखवणारा पाच नंबरातला.

आता आंघोळीचं सांगतो.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी बापाचा डबा घेऊन खाणीच्या तोंडाशी जायचो. पाळी सुटली की माणसं वर यायची. सगळी काळी. डोळ्यांचं पांढरं आणि दात, बस. कोण कुणाचा काही कळायचं नाही. मी बापालाही चालण्यावरून ओळखायचो. दहा-पंधरा मिनिटं हिंदुस्थानात एक जागा अशी असायची की जिथं माणसाची जात दिसत नव्हती.

मग ती सगळी आंघोळीच्या खोलीकडं वळायची. दगडी खोली, आत मोठा हौद, भिंतीला पाच फवारे, त्यातले तीन चालू. तिथं पोचता पोचता रांग आपोआप फुटायची. कुणी काही बोलायचं नाही. एक, दोन नंबरवाले आत. आपले बाहेर, जिथं हौदाचं सांडपाणी पाइपातून पडायचं तिथं. पाटी नव्हती. पाटी लावायची गरजच काय? खेड्यातल्या विहिरीवर तरी कुठं पाटी असते?

एकदा मी विचारलं, "बाबा, इतक्या काळ्यात चौकीदाराले कसं समजते कोन कोनाचा?"

बाप पाइपाखाली डोकं धरून म्हणाला, "आमी आपल्या पायानं बाजूले होतो ना बापू. त्याले वळखाचं कामच नाही पडत."

हे वाक्य मी साठ वर्षं बाळगून आहे.

आमचे लाल बावटेवाले दोस्त म्हणतात, खाणीत जात नसते, मरण सगळ्यांना सारखं. खरं आहे. १९५४ च्या डिसेंबरात शेजारच्या छिंदवाड्यात न्यूटन चिखलीच्या खाणीत पाणी घुसलं, साठाच्या वर माणसं गेली. १९७५ च्या डिसेंबरात चासनाळ्याला पावणेचारशे. पाण्यानं कुणाला लाइन विचारली नाही. आमच्या बापावरही एकदा छत बसलं. कमरेपर्यंत गाडला गेला. त्याला नखांनी उकरून बाहेर काढलं ते एक नंबर लाइनीतल्या एका टिंबरमननं. स्वतःचं बोट चिरडून घेतलं त्यानं. आम्ही त्याला काका म्हणायचो, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि महिन्याभरानं बाप कामावर परत गेला, त्या दिवशी वर आल्यावर त्याच काकानं बापाचा हात लागू नये म्हणून आपली बादली उचलून पलीकडं ठेवली. रागानं नाही. सवयीनं. ज्या हातांनी उकरून काढलं त्याच हातांनी.

कॉम्रेड, तुमच्या पोथीत याचं उत्तर सांगा. हा माणूस वाईट नव्हता. म्हणूनच प्रश्न मोठा आहे.

आता स्मरणिकेवाल्यांचा दुसरा मुद्दा. ते म्हणतात, मालक मायबाप होता. दवाखाना दिला, पाळणाघर दिलं, महिन्यातून एकदा मैदानात सिनेमा दाखवला, आंघोळीची खोली बांधली. पत्रात चक्क लिहिलंय : 'आजच्या कंपन्यांत अशी माया कुठं?'

माया! हिशेब मांडू.

१९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कुणाकडं होतं? बाबासाहेबांकडं. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले, खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या बघितल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागं कर, आणि त्या पैशातून घरं, दवाखाने, पाणी, शिक्षण, करमणूक. १९४७ साली त्याचा कायदा झाला. आमच्या दवाखान्याच्या दारावर त्या निधीची पाटी होती. आम्हाला वाचता येत नव्हती, बंगल्यावरच्यांना येत होती. १९४६ साली खाणीच्या तोंडाशी आंघोळीची सोय करायचे नियम झाले. त्याच वर्षी रेजांच्या लेकरांसाठी पाळणाघराचे नियम झाले. मालकांनी ही खोली मायेनं बांधली? तपासणी अधिकारी यायचा म्हणून बांधली. आणि जिथं त्याचं लक्ष नव्हतं तिथं तीनच फवारे चालू ठेवले. १९६७ साली वेतन मंडळाच्या शिफारशी आल्या, तर वहीत एक पगार आणि हातात दुसरा. ही माया.

मग मालकानं स्वतःच्या बुद्धीनं, कुणी न सांगता, कायद्याच्या बाहेर काय दिलं? लाइनी दिल्या. जातवार. त्यात त्याचा धंदा होता. पाच नंबर संपावर गेली तर एक नंबर कामावर, एक नंबर चिडली तर बिलासपुरी आणा. जात त्यानं जन्माला घातली नाही. पण सकाळ-संध्याकाळ तिला कोळसा घातला.

मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपले काही लोक पहिलाच घोकतात, त्यांचे काही लोक दुसराच. आमच्या आंघोळीच्या खोलीत दोघं एकाच फवाऱ्याखाली उभे होते.

आणखी एक गोष्ट. ती आपल्यालाच अडचणीची आहे, म्हणून मीच सांगतो, दुसरा कुणी खोडसाळपणे सांगण्याआधी. बायांना खाणीत उतरवायची बंदी युद्धासाठी कोळसा हवा म्हणून १९४३ साली उठवली गेली आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये परत लागू झाली. मधल्या काळात मजूर खातं बाबासाहेबांकडंच होतं. माझी आजी त्या काळात खाली उतरलेली. विरोधक हे आपल्या तोंडावर फेकतात. आपली पोरं गप्प बसतात. का बसता? फेब्रुवारी १९४४ मधलं त्यांचं भाषण काढून वाचा, इंग्रजी दहाव्या खंडात आहे. ही तात्पुरती अडचण आहे हे त्यांनी सांगितलं, आणि त्या बायांना त्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी असल्याचं ठासून सांगितलं. तरीही निर्णय कठोर होता. आजी म्हणायची, "पैसा मानसाएवढा भेटे. पन लेकरू वरतं रडे, त्याचा आवाज खाली नाही ये." ही दोन्ही वाक्यं सोबत धरा. नेत्याचं काम झाकून त्याला मोठं करायची गरज भक्ताला असते. आपण अनुयायी आहोत.

आता लढ्याचं. हे स्मरणिकेत कधीच येणार नाही.

१९६७ साल. महाडला चाळीस वर्षं झाली होती. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा येऊन बारा. पाच नंबर लाइनीत तेव्हा पाचवी-सातवी शिकलेली तरणी पोरं लोडर म्हणून लागली होती. त्यांनी ठरवलं, १४ एप्रिलला पाळी सुटली की पाइपाकडं वळायचं नाही. सरळ आत जायचं. बाप चाळिशीतला, तोही गेला. सतरा जण आत गेले, फवाऱ्याखाली उभे राहिले. पहिल्यांदा गरम पाणी अंगावर घेतलं. बाप नंतर सांगायचा, "आतमंदी साबनाची एक वडी पडून होती. म्या हात नाही लावला. पानी आपलं होतं, साबन त्याईचा होता."

बाहेर आले तर दोन नंबरपर्यंतची माणसं फावडी घेऊन उभी. मारामारी झाली नाही, मॅनेजर आला. त्यानं काय केलं? पंप बंद केला. 'दुरुस्ती'. तीन दिवस कुणालाच पाणी नाही. तीन दिवस सगळी खाण काळ्या अंगानं घरी गेली. आणि ज्यानं पंप बंद केला त्याला कुणी शिवी दिली नाही. शिव्या पाच नंबरला. चौथ्या दिवशी युनियनचे पुढारी आले. दोघं पुढारी, दोन्ही वरच्या लाइनीतले. ऑफिसात बैठक. तोडगा निघाला : वेळ वाटून घ्या. पाळी सुटली की आधी अर्धा तास त्यांचा, मग अर्धा तास तुमचा. कामगार एकजुटीला तडा नको! सतराही जणांची बारा दिवसांची हजेरी गेली. कंपनी, युनियन आणि जात, तिघांचं एकमत झालेला तेवढाच एक करार मी माझ्या बालपणी पाहिला.

आम्ही तो विजय मानला. खोलीत तर शिरलो! लाइनीत गोड भात झाला, भीमगीतं झाली.

आणि इथं मला माझ्याच लाइनीचं पाप लिहायचं आहे. इथपर्यंत वाचून जे खूश झालेत त्यांनी आता नीट वाचावं.

आपला अर्धा तास सुरू झाला. नाल्यापलीकडचे मेहतर रोज टोपल्या उचलून, गटारं काढून तिथंच यायचे. तेही कंपनीचेच कामगार. त्यांच्यातला एक बाप्या पहिल्याच आठवड्यात आला आणि आत शिरायला लागला. दारात आमचा माणूस उभा. १४ एप्रिलला आत गेलेल्या सतरांतला. तो म्हणाला, "जरा थांब. आमचं होऊ दे."

नेमके तेच शब्द. पाच नंबरनं वर्षानुवर्षं ऐकलेले.

तो बाप्या काही बोलला नाही. आपल्या पायानं बाजूला झाला. पाइपाखाली गेला. त्याचा पोरगा माझ्या वर्गात होता. माझ्याच वयाचा. आम्ही दोघं डबा घेऊन तिथंच उभे होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या शेजारी बसायचा बंद झाला, आणि मला बरं वाटलं. दहा वर्षांचा होतो हे कारण मी देत नाही. दहा वर्षांच्या पोराला माझं बसायचं ठिकाण ठरवलेलं कळत होतं, तर त्याचंही कळत होतं.

बुद्ध घेतला, बाबासाहेब घेतले, आणि नाल्यापलीकडची लाइन तशीच ठेवली. मग आपण बदललं काय? रांगेतला नंबर?

१९७३ साली कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. ३१ जानेवारीला व्यवस्थापन, १ मेला मालकी. त्यानं फरक पडला, हे नाकारणारा करंटा. पगार पावतीवर आला, भविष्यनिर्वाह निधी खरा झाला, राखीव जागांवर आपली पोरं क्लार्क झाली, सर्वेअर झाली, इंजिनियर झाली. मी शिकलो तो त्याच पैशावर. १९७९ ला 'काला पत्थर' लागला तेव्हा आम्ही चांद्याला जाऊन बघितला. टाळ्या वाजवल्या. घरी येताना बाप म्हणाला, "सिनेमा चांगला हाय. पन खानीत उतरलेला हिरो कोन? जहाजाचा कप्तान. लोडर कुटी गेला?" बापाला अक्षर येत नव्हतं, तरी त्यानं समीक्षा केली.

आणि आज? आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा उघड्या खाणींतून निघतो. कोल इंडियाचे कायम कामगार एका काळी सहा लाखांवर होते, ते अडीच लाखांच्या आत आले. उरलेलं काम कोण करतं? ठेकेदाराची माणसं. माती काढणारी, गाड्या चालवणारी, झाडू मारणारी. नव्या खाणीसाठी गाव उठतं तेव्हा नोकरी जमिनीच्या बदल्यात. वर्षानुवर्षं चालत आलेला हिशेब दोन एकरांमागं एक. ज्याला जमीनच नव्हती त्यानं काय द्यायचं? आज्याला जमीन नव्हती म्हणून तो खाणीत आला. आता जमीन नाही म्हणून त्याच्या पणतूला खाण दार लावते. आणि तो ठेकेदाराच्या डंपरवर जातो. तिथं ना मायबाप मालक, ना कायद्याचा अधिकारी.

म्हणून ही स्मरणिका नुसती बावळट नाही, लबाड आहे. हक्काला माया म्हटलं की पुढचा वाद संपला. माया आटली म्हणून कुणी मालकाला कोर्टात खेचत नाही. हक्क बुडाला की खेचतो.

पोरांनो, तुम्ही जयंतीला डीजे लावता, लावा. पण एक काम करा. आपापल्या भागातल्या खाणीच्या, कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटायच्या वेळी जाऊन उभे राहा. ठेकेदाराच्या गाडीत कोण बसतं बघा. झाडू कुणाच्या हातात आहे, पगाराची पावती कुणाला मिळते, आंघोळीला पाणी आहे का, प्यायच्या पाण्याचा पिंप कुठं ठेवलाय आणि त्याला कोण हात लावतं, हे वहीत लिहा. लिहिलेलं छापा, वाटा, अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटा.

आणि त्याआधी स्वतःच्या वस्तीतून निघून नाल्यापलीकडं जा. तुमच्याही गावात एक नाला असेल. तिथं एक ग्लास पाणी मागा आणि बसून प्या. मी साठ वर्षं उशिरा गेलो. त्या वर्गमित्राचा पत्ता लागला, पण तो मी जायच्या आधीच वारला होता. त्याच्या नातवानं पाणी दिलं. तो ठेकेदाराकडं सफाईला आहे. मी का आलोय ते त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, आमच्या गेटवर याल का? तिथं बोला हे."

येत्या पगाराच्या दिवशी मी जाणार आहे. कोण कोण येता?

जयभीम.